भिंतीवरचे लग्न

आमच्या पुतणीचे लग्न दोनदा झाले. एकदा वैशाखात, मांडवात. आणि पुन्हा महिन्याभराने, आमच्या अंगणातल्या भिंतीवर. पहिल्या लग्नात मी यजमानांपैकी एक होतो. त्यामुळे त्यातले मला काहीच दिसले नाही. जे दिसले ते दुसऱ्यात.

हे दुसरे लग्न लावले गोंदियाच्या फोटोग्राफरने. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या खेड्यात तो तिन्हीसांजेला मोटारसायकलवरून आला, आणि पिशवीतून त्याने दोन पुडांच्या डब्याएवढी एक वस्तू काढून स्टुलावर ठेवली. मला वाटले, बिचाऱ्याने शिदोरी आणली आहे. वहिनीला तर अपमानच वाटला. लग्नघरी येताना डबा आणायचा म्हणजे काय? पण तो प्रोजेक्टर निघाला.

त्याने लग्नात २,४०० फोटो काढले होते. अल्बममध्ये मावणार होते २००. उरलेले २,२०० नापास करण्याचे काम आमचे. दादाच्या लग्नात छत्तीस फोटोंचा एक रोल असे, आणि फोटोग्राफर बटण दाबण्यापूर्वी खिशातून पैसे काढल्यासारखा विचार करी. आता विचार मागाहून करायचा, आणि तो गिऱ्हाइकाने करायचा!

"पण मोबाइलवर पाठवले असते तर?" मी विचारले.

"सर, मोबाइलवर पाहिलं का माणूस फक्त आपलं तोंड पाहते," तो म्हणाला. "अन् फोटो मागते पोस्टकार्डाएवढा. भिंतीवर पाहिलं का दारावर लावायला मोठा मागते." धंद्याचे इतके सरळ रहस्य इतक्या सरळपणे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

आमची भिंत पिस्ता रंगाची. पहिला फोटो तीवर पडला आणि सगळे वऱ्हाड एकदम आजारी दिसू लागले. मग पांढरी चादर खिळ्यांना बांधली. दादाला चित्र मोठे हवे, म्हणून त्याने स्टूल मागे ओढले. तशी नवरी मोठी झाली, पण अंधारली. फोटोग्राफरने समजावले की, यंत्र दुप्पट लांब नेले की चित्र लांबीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट होते. म्हणजे तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो. दादाने स्टूल पुन्हा पुढे सारले. त्या डब्यात, म्हणे, केसाहून बारीक असे लाखो आरसे होते, आणि ते सेकंदाला हजारो वेळा कलत होते. ही युक्ती १९८७ साली लॅरी हॉर्नबेक नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने काढली.

आता मी मराठीचा प्राध्यापक. गप्प बसणे मला कसे शोभावे? मी त्याला सांगितले, "अरे, मराठी माणसाला हे नवे नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून असेच खेळ करीत. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे पडदा. नाव काय ठेवले होते, ठाऊक आहे? शांबरिक खरोलिका! शंबरासुर हा मोठा मायावी राक्षस, म्हणून शांबरिक. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९१३ साली आला."

"हो सर," तो म्हणाला, आणि वायर जोडत राहिला.

तोवर शेजारपाजार चटया घेऊन आला होता. आमची झाडीपट्टी! दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की पहाटेपर्यंत नाटके पाहणारी ही माणसे. अंगणात उजेडाचा चौकोन दिसल्यावर ती घरी थोडीच बसणार? "हा ठेवा," "हा नोको," "मामाचे डोळे मिटले," "मामाचे डोळे उघडेच कधी असतात?" असा गलका चालला होता. आमची आत्या मात्र दाराशी, उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती. तिला अंधारात तांदूळ निवडता येतात. आमची आई लवकर गेली. आम्हां दोघां भावांना आत्यानेच वाढवले, आणि ही नवरीही तिच्याच पायांवर न्हाऊन मोठी झाली.

हळदीचे फोटो लागले. सुवासिनी, वाट्या, आंब्याची पाने, हसणे. तोच माझा सात वर्षांचा मुलगा ओरडला, "आजी पाहा! आजी खांबामागे!"

खरेच. चित्राच्या कडेला ओसरीचा खांब होता, आणि खांबाच्या बाजूला अर्धे लुगडे, एक हात, अर्धा चेहरा. पुढच्या फोटोतही. त्याच्या पुढच्याही. मुलाला खेळच सापडला. तो बोट नाचवत मोजू लागला: सात, आठ, नऊ. "आजी लपाछपी खेळते का?" लोक हसले. एकोणीसपर्यंत हसले. मग हसू आपोआप कमी झाले, आणि नुसता त्याचा आवाज राहिला. एकतीस.

आत्या विधवा आहे. चाळीस वर्षे झाली. तिला कोणी "बाजूला हो" म्हटले नव्हते. तशी गरजच पडली नाही. ती आपणहून खांबापाशी गेली आणि तेथून आम्हांला वाट्या, पाट, हळदकुंकू पुरवीत राहिली. मोबाइलवर हेच फोटो मी चार वेळा पाहिले होते. त्या एवढ्याशा काचेवर ती एक रेघ होती. भिंतीवर ती हातभर झाली.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा ती बातमी मी कात्रीने कापून कॉलेजच्या फलकावर लावली होती. आगरकर आणि कर्वे तर मी दर वर्षी शिकवतो; १८९३ सालच्या कर्व्यांच्या पुनर्विवाहावर माझे बरे बोलणे होते, असे विद्यार्थी म्हणतात. अठ्ठाविसाव्या फोटोत मी स्वतः आहे. खांबाकडे पाठ करून, एक हात वर धरून, कोणा पाहुण्याला काही तरी समजावून सांगतो आहे.

फोटोग्राफरला शांतता अवघड वाटली असावी. "काळजी नका करू, सर," तो म्हणाला. "कडेचं आहे. अल्बममध्ये कापून टाकतो."

"काप गा," आत्या आतून म्हणाली. "नवरीच्या फोटोत मी कायले?"

तेवढ्यात लाइट गेली. सारे गाव काळे झाले. पण त्या डब्यात बॅटरी होती, आणि सगळ्या अंधारात आमची एक भिंत तेवढी उजळ राहिली. आत्या उठली. आपण कशा दिसतो हे तिला पाहायचे असावे, कारण चश्मा तिने आधीच काढून ठेवला होता आणि लांबचे तिला दिसत नाही. ती चादरीच्या अगदी जवळ गेली. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या पाठीवर, पांढऱ्या केसांवर पडला. मग ती वळली, आणि नवरीच्या गालावरची हळद तिच्या तोंडावर आली, हातावर आली, फिक्या लुगड्यावर पसरली. उजेडाने तिचे डोळे दिपले. ती तशीच उभी राहिली. कोणी बोलले नाही. माहेरी आलेली पुतणी चटईवरून उठली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्याही अंगावर तेच चित्र.

"सर," फोटोग्राफरने हळूच विचारले, "हा ठेवायचा का कापायचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात शिकलेला मी. दादाने पाहिले, वहिनीने पाहिले. मला बोलायला जेवढा वेळ लागला तेवढा लागायला नको होता.

"पूर्ण ठेव," मी म्हणालो. "खांबासकट. आणि तुझा तो दारावरचा मोठा असतो ना, तो याचाच कर."

आठ दिवसांनी तो चौकटीत बसवून आला. नवरी डावीकडे, मध्ये निम्मे चित्र अडवणारा ओसरीचा खांब, आणि उजवीकडे अर्धी आत्या. आम्ही तो माजघराच्या दारावर टांगला. आत्याने चश्मा लावून तो पाहिला, पदराने काच पुसली, आणि किती पडले म्हणून विचारले. मी आकडा सांगितला.

"बापा!" ती म्हणाली. "अर्ध्या फोटोले एवढे पैसे? तेवढ्यात पोतंभर तांदूळ आला असता."