पेन्शन कुणाच्या पैशाने?



"कर आपण भरायचा आणि पेन्शन त्यांनी घ्यायची, हा कुठला न्याय?" हे वाक्य आपल्या घरांत नेहमी ऐकू येतं. आपल्यातली बरीचशी घरं शेतीची नाहीतर दुकानाची. आमचंही दुकानच. यजमानांना पेन्शन नाही, मला नाही. म्हातारपणची सोय म्हणजे बँकेतल्या ठेवी आणि एका गाळ्याचं भाडं. त्यामुळे या वाक्यामागचा राग मला कळतो.

पण आमच्या घरात दुसरी बाजूही आहे. वन्सं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना जुनी पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, शिवाय महागाईप्रमाणे वाढ. त्यांचा मुलगा २००८ साली शिक्षक झाला. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना मात्र नवी योजना लागू झाली. तिच्यात पगारातून १० टक्के कापले जातात, सरकार आपला वाटा घालतं, आणि शेवटी हाती काय येईल ते बाजारावर अवलंबून. आई आणि मुलगा, दोघांचा पेशा एकच, पण म्हातारपण वेगळं. मार्च २०२३ मध्ये "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा भाचाही गेला. माझा मुलगा दुकान सांभाळतो. तो म्हणाला, "आम्हाला कोण देतं रे हमी?" तो आठवडा दोघा भावांचं बोलणं बंद होतं.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटली, पण एक गोष्ट विसरले नाही. देणं ज्या वर्षी उभं राहतं, त्याच वर्षी त्याची तरतूद करायची. वन्संनी १९९० साली मुलं शिकवली, तेव्हाच त्यांच्या मोबदल्याचा एक भाग पुढे द्यायचा म्हणून ठरला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नाकरा खटल्यात हेच सांगितलं, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेतून मिळवलेली असते. पण सरकारने त्या मोबदल्यासाठी वेगळा निधी बाजूला काढलाच नाही. ज्या वर्षी पेन्शन द्यायची, त्या वर्षीच्या तिजोरीतून द्यायची, अशी ती पद्धत. दोष पेन्शनचा नाही, तरतूद न करण्याचा आहे.

आपल्या पाच अणुव्रतांतलं अचौर्य मला इथे आठवतं. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. एखाद्याकडून तीस वर्षं काम करून घ्यायचं आणि ठरलेला मोबदला द्यायच्या वेळी हात आखडायचा, ही चोरीच. पण जी मुलं अजून पाळण्यात आहेत, त्यांना न विचारता त्यांच्या उद्याच्या कमाईवर आज वचनं द्यायची, हेसुद्धा न दिलेलं घेणंच नाही का? संपाच्या वेळी पहिली बाजू भाचा बोलत होता, दुसरी माझा मुलगा. दोघांचंही बरोबर होतं.

म्हणून माझं उत्तर असं आहे. करदात्यांनी पेन्शनला हातभार लावावा, कारण शाळा, दवाखाना, तलाठी कार्यालय यांचे मालक शेवटी आपणच. दुकानात नोकर ठेवला तर त्याचं देणं आपण चुकवतो का? पण ते देणं दरवर्षी, उघडपणे, हिशेबात दिसेल असं बाजूला काढावं. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेली एकीकृत योजना त्या वाटेने जाते. कर्मचारी १० टक्के घालतो, सरकार १८.५ टक्के, आणि २५ वर्षं सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या रकमेची हमी. हमी आहे आणि त्यासाठी आजच पैसे बाजूला पडतात, हे मला पटतं. निधी कमी पडला तर बोजा पुन्हा करदात्यावरच येणार, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

आणखी एक. "आपण कर भरतो" म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त आयकर असतो. पण आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई टूथपेस्ट घेते तेव्हा तीही कर भरते. म्हणजे वन्संच्या पेन्शनमध्ये तिचाही वाटा आहे. तिला मात्र ६५ वर्षांनंतर, तीही निराधार ठरली तरच, श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतील, आणि ते २०२३ मध्ये वाढवले तेव्हा महिन्याला दीड हजार झाले. पेन्शनवर वाद घालायचाच तर तिचं नाव आधी घेतलं पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या हातात एक गोष्ट आहे. आपल्याकडे काम करणारी बाई, दुकानातला मुलगा १८ ते ४० वयातले असतील आणि आयकर भरत नसतील, तर त्यांना बँकेत अटल पेन्शन योजनेत नाव घालता येतं. साठीनंतर महिन्याला एक ते पाच हजारांपर्यंत हमीची पेन्शन मिळते. त्यांचा हप्ता आपण पगाराव्यतिरिक्त भरला तर? आमच्या दुकानातल्या दोघांचा आम्ही या वर्षापासून भरतो आहोत. कागदपत्रं माझ्या मुलानेच केली.