शाळेचा स्विच आणि आपला इकामा



मंडळाच्या अंकात एरवी गणपतीचा हिशोब, फराळाच्या ऑर्डरी, सुट्टीतल्या विमानाचे भाव आणि एखाद्या वहिनींची पाककृती येते. त्यात नेटवर्कच्या स्विचवर लेख म्हणजे पुरणपोळीच्या ताटात स्क्रू-ड्रायव्हर, असं काहींना वाटेल. पण गेले काही महिने शाळेच्या पालकसभेला जाणारे मित्र आणि इथे छोटा व्यवसाय सांभाळणारे मित्र, दोघंही आम्हाला एकच विचारतात: "कंपनीकडून मोठी लाइन घेतली, तरी नेट रडतंच. आता काय करायचं?" आम्ही म्हणजे दम्माम-खोबर भागात हेच काम पोटासाठी करणारी चार-पाच मराठी मंडळी. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळ्यांनी बसून लिहून काढावं असं ठरलं.

आपल्यापैकी जे जुने आहेत त्यांना आठवत असेल, सौदीत सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १९९९ साली. मोडेमची ती शिट्टी, आणि एक फोटो उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. तेव्हा अडचण बाहेरच्या तारेत होती. आज फायबर दारापर्यंत आलं आहे, आणि अडचण बहुतेक वेळा इमारतीच्या आतच असते. नळाला पाणी भरपूर, पण घरातला पाइप जुना, अशातला प्रकार. म्हणून लाइन आणखी मोठी करण्याआधी कपाटातला तो डबा बघावा.

स्विच म्हणजे काय, हे आम्ही मुलांना बिल्डिंगच्या हारिसचं उदाहरण देऊन सांगतो. पूर्वी 'हब' नावाचा डबा असायचा. तो म्हणजे असा हारिस, की पत्र कोणाचंही येवो, जिन्यात उभा राहून सगळ्यांना वाचून दाखवणार. एकाचं वाचून होईपर्यंत बाकीचे गप्प. स्विच हा हुशार हारिस. कोण कोणत्या दारातून बाहेर पडतं हे बघून तो नाव आणि दार लक्षात ठेवतो आणि पत्र नेमकं त्याच दारात टाकतो. एखादं नाव नवीन असेल तर तेवढ्यापुरता सगळीकडे हाका मारतो, उत्तर आलं की दार पाठ. त्यामुळे एकाच वेळी दहा जोड्या आपापसांत बोलू शकतात, कोणी कोणाला अडवत नाही.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. इथरनेटचा पहिला स्विच १९९० साली कॅलिफोर्नियातल्या ज्या कंपनीनं बाजारात आणला, तिचं नाव होतं 'कल्पना'. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज हे तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, आणि कंपनीला नाव दिलं होतं ते त्यांच्या पत्नीचं. त्या पहिल्या स्विचला दारं होती फक्त सात. पुढे १९९४ साली सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली.

आता खरेदीकडे वळू. दुकानात गेलं की विक्रेता आधी किंमत सांगतो. आमचं म्हणणं, आधी आपण चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्यावीत.

पहिला प्रश्न, किती दारं लागतील? प्रयोगशाळेतले संगणक, प्रिंटर, वायफायचे डबे, कॅमेरे, टेलिफोन अशी सगळ्यांची बेरीज करावी आणि वर पाव हिस्सा मोकळा ठेवावा. अठरा-एकोणीस लागत असतील तर चोवीसचा घ्यावा. दारं अपुरी पडली की कोणीतरी टेबलाखाली पाच दारांचा प्लास्टिकचा छोटा स्विच ठेवतं, आणि पुढचे निम्मे घोटाळे तिथूनच सुरू होतात. प्रत्येक दार गिगाबिटचं असावं. तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच चालते हेही ध्यानात ठेवावं. इथल्या शाळांत मुलांची आणि मुलींची इमारत बहुधा वेगळी असते आणि मध्ये मैदान असतं. त्या दोहोंमध्ये फायबरच टाकावी आणि स्विचला फायबरची जागा आहे की नाही हे खरेदीआधी पाहावं.

दुसरा प्रश्न विजेचा. हल्ली कॅमेरे आणि वायफायचे डबे यांना वीजही त्याच केबलमधून मिळते. २००३ च्या मानकाप्रमाणे एका दारातून १५.४ वॉट, २००९ च्या सुधारित मानकाप्रमाणे ३० वॉट. जाहिरातीत एवढंच ठळक छापलेलं असतं. पण सगळ्या दारांची मिळून एक मर्यादा असते आणि ती बारीक अक्षरात असते. समजा ती १९० वॉट आहे. वायफायचे दहा डबे प्रत्येकी १३ वॉट खातात, म्हणजे १३० झाले. आठ कॅमेरे दिवसा पाच वॉटप्रमाणे ४०, एकूण १७०. उत्तम चाललं. पण अंधार पडला की कॅमेऱ्यांचे अदृश्य दिवे लागतात, प्रत्येक कॅमेरा आठ वॉटवर जातो, ६४ होतात आणि बेरीज १९४. मग स्विच काही दारांची वीज तोडतो. दिवसा सगळं ठीक आणि रात्री दोन कॅमेरे आंधळे, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि कॅमेरा बदलायला निघतात. कॅमेरा बिचारा ठणठणीत असतो. ही बेरीज रात्रीच्या आकड्यांनी करावी.

तिसरा प्रश्न उन्हाचा. ऑफिसात वापरायचे बरेच स्विच चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे जुलैत गच्चीवरच्या खोलीत किंवा गेटवरच्या लोखंडी पेटीत किती तापतं हे सांगायला नको. गच्चीवर, गेटवर कारखान्यासाठी बनवलेला, सत्तर-पंचाहत्तर अंश सोसणारा स्विच लागतो. तो महाग असतो, पण दर उन्हाळ्यात नवा घेण्यापेक्षा स्वस्तच पडतो. वर्गात बिनपंख्याचा घ्यावा म्हणजे घरघर होत नाही. मात्र बंद कपाटात त्याला हवा मिळाली पाहिजे. पंखेवाल्याच्या जाळीत शमाल वाऱ्याची धूळ बसते, ती सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर झाडावी. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की काटकसर म्हणून खोलीचा एसी बंद करतात आणि आतलं कपाट चालूच राहतं, याकडे विशेष लक्ष असू द्यावं.

चौथा प्रश्न, साधा घ्यायचा की ज्याच्या आत शिरून बघता येतं असा 'मॅनेज्ड' घ्यायचा? चार संगणकांच्या दुकानाला साधा पुरतो. शाळेला आमच्या मते मॅनेज्डच हवा, आणि त्याचं एक कारण खास इथलं आहे. मुलींच्या विभागात शाळेच्या वेळेत पुरुष तंत्रज्ञाला जाता येत नाही. सकाळी आठ वाजता तिथला वायफायचा डबा अडकला तर मुली सुटेपर्यंत थांबायचं किंवा शुक्रवार-शनिवार गाठायचा. मॅनेज्ड स्विच असेल तर ऑफिसात बसून कळतं की कोणतं दार बंद आहे. त्या दाराची वीज तिथूनच बंद-चालू करता येते. दहातल्या सात वेळा तेवढ्यानं काम भागतं आणि बाईंचा तास बुडत नाही.

मॅनेज्ड स्विचचा दुसरा उपयोग म्हणजे घरात भिंती घालाव्यात तसं एकाच डब्यात वेगवेगळे कप्पे पाडता येतात. याला व्हीलॅन म्हणतात. फीचा हिशोब आणि प्रश्नपत्रिका एका कप्प्यात, मुलांची प्रयोगशाळा दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय चौथ्यात. आपली मुलं हुशार आहेत, हे आपणच पालकसभेत अभिमानानं सांगतो. मग त्यांच्या हातातल्या संगणकावरून फीच्या वहीपर्यंत सरळ रस्ता ठेवणं बरं नव्हे. व्यवसायाचंही तेच. डिसेंबर २०२१ पासून सौदीत इलेक्ट्रॉनिक बिलं सक्तीची झाली आणि २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं ती सरकारी यंत्रणेशी जोडली जाऊ लागली. त्या जोडणीत कंपनीनं कंपनीला दिलेलं बिल आधी तिथून मंजूर होऊन यावं लागतं. म्हणजे दुपारी स्विच झोपला तर मालही अडतो. बिलाचं यंत्र आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल एकाच कप्प्यात असू नयेत, आणि स्विचला छोटा यूपीएस हवाच.

वापरातला सगळ्यांत नेहमीचा रोग म्हणजे फेरा. सफाईच्या वेळी एक केबल लोंबताना दिसते. कोणी भला माणूस तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या दुसऱ्या दारात खुपसतो. मग हारिसनं मारलेली हाक फिरून त्याच्याच कानावर येते, तो ती पुन्हा मारतो, आणि क्षणात सगळी बिल्डिंग नुसत्या हाकांनी भरून जाते. कोणाचंच पत्र पोचत नाही. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीनं १९८५ मध्येच काढला. स्विच आपापसांत बोलून फेरा ओळखतात आणि एक दार आपणहून मिटून घेतात. मॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय असते, फक्त ती चालू आहे ना हे बघावं लागतं. टेबलाखालच्या स्वस्त डब्यांत ती बहुधा नसतेच.

इथवरचं सगळं कुठल्याही गावच्या शाळेला लागू आहे. पुढचं मात्र आपल्यासाठी, कारण आपण इथे इकाम्यावर राहतो.

एका शाळेतली हकिगत आहे, नाव सांगत नाही. तिथलं सगळं नेटवर्क एका पालकानं हौसेनं, संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर उभं केलं होतं. काम चोख. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना शंभर रियाल फी सुरू झाली आणि दरवर्षी शंभरानं वाढत २०२० मध्ये चारशेवर गेली. ते दिवस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दर महिन्याला कोणाची तरी सामानाची खोकी बांधायला जायचं. त्या गृहस्थांनी आधी वहिनींना आणि मुलांना पाठवलं, मग २०१९ मध्ये स्वतः फायनल एक्झिटवर गेले. मंडळानं निरोपसमारंभ केला, शाल दिली, फोटो काढले. कपाटाची किल्ली त्यांनी शाळेत जमा केली. पासवर्ड कोणी विचारले नाहीत.

पुढे कोविडमध्ये शाळेची इमारत बंद होती तोवर कोणाला काही कळलं नाही. २०२१ च्या उत्तरार्धात मोठी मुलं परत आली तेव्हा प्रयोगशाळा चालू होईना. आम्हाला बोलावलं. कपाटात चार स्विच, दीडशेच्या वर केबली, सगळ्या निळ्या, एकीवरही चिठ्ठी नाही. गावी फोन लावला. त्यांनी अंगणात उभं राहून, डोळे मिटून आठवून आठवून सांगितलं. दोन पासवर्ड लागले, दोन लागले नाहीत. ते दोन स्विच शेवटी कोरे करावे लागले. मग एकानं या खोलीत केबल हलवायची आणि दुसऱ्यानं त्या खोलीत दिवा बघायचा, असं करत शुक्रवार-शनिवार धरून आम्ही अकरा दिवस काढले. तेवढे दिवस बारावीच्या मुलांचं संगणकाचं प्रॅक्टिकल फळ्यावर झालं. ते गृहस्थ दर रात्री फोन करून विचारत, "झालं का हो मुलांचं?" आम्ही सांगतो, दोष त्यांचा नव्हताच. शाल देणाऱ्या आपल्यापैकी कोणालाच वाटलं नाही की त्यांच्याकडून काही लिहूनही घ्यावं.

तेव्हापासून आम्ही कोणत्याही शाळेत किंवा ऑफिसात स्विच बसवला की काम संपलं असं दोन कागदांशिवाय मानत नाही. पहिला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा: कोणतं दार कोणत्या खोलीत जातं, कोणता कप्पा कशासाठी. केबलीच्या दोन्ही टोकांना तोच आकडा. दुसरा कागद पाकिटात बंद करून मुख्याध्यापकांच्या किंवा मालकाच्या तिजोरीत: पासवर्ड, खरेदीची तारीख, वॉरंटी कोणाकडे. वॉरंटी सौदीतली आहे ना हे तपासायचं, नाहीतर बिघडलेला डबा दुबईला कोण नेणार? सोबत स्विचमधल्या मांडणीची एक प्रत पेनड्राइव्हवर. कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा, आणि वर्षातून एकदा पाकीट फोडून सगळं लागतंय ना ते पाहायचं. भाषा इंग्रजी ठेवायची. आपल्यानंतर येणारा केरळचा असेल, लाहोरचा असेल, किंवा इथलाच सौदी तरुण असेल.

पालकसभेत पुढच्या वेळी नेटचा विषय निघाला की मोठ्या लाइनच्या कोटेशनवर सही होण्याआधी एवढंच विचारा: "कपाटातला कागद शेवटचा कधी बदलला?" कागद असेल तर शाळा सुरक्षित हातांत आहे. नसेल तर आम्हाला कळवा. शनिवारी सकाळी आमच्यातले दोघं तरी मोकळे असतात. चहा लागेल, आणि केबलीच्या टोकाशी उभं राहून दिवा लागला की ओरडून सांगणारा एक चुणचुणीत मुलगा लागेल.