पत्थरगट्टीतला बुरुश

नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी काचीगुड्याला उतरलो, तेव्हा जपायचे सामान एकच होते. मलमलीत गुंडाळलेली दादाजानची काळी लोकरी शेरवानी. १९५६ पर्यंत आमचे नांदेड हैदराबाद राज्यातच होते, आणि ही शेरवानी इथलीच, हाताने शिवलेली. शाबानमध्ये धाकट्याचा निकाह. ती त्यानेच घालायची, असे अम्मीने ठरवले होते. पण लाँड्रीतून आल्यापासून छातीवर फुगवटे आले होते, कॉलर लुळी पडली होती.

नया पूल ओलांडला की पत्थरगट्टीच्या दगडी कमानी लागतात. मुसी नदीच्या १९०८ च्या पुरानंतर शहर नव्याने बांधायला घेतले, त्या काळच्या या कमानी. तिथल्या दर्जीचाचांनी छातीवर नुसता अंगठा फिरवला आणि ओळखले. वरचे कापड आणि आतले कॅनव्हास शेकडो सैल टाक्यांनी जोडलेले असते. पाणी आणि वाफ लागली की कॅनव्हास आणि कापड सारखे आखडत नाही.

‘‘धोबी को नक्को दो मियाँ, बुरुश मारो.’’

मग त्यांनी करूनच दाखवले. खिसे रिकामे केले, शेरवानी रुंद लाकडी हँगरवर टांगली. आधी खालून वर हलक्या हाताने, म्हणजे लवेत बसलेली धूळ सुटते. मग वरून खाली, लांब फटकारे. कॉलरखाली आणि शिवणींत जास्त वेळ, कारण कसर तिथेच अंडी घालते. चिखल असेल तर पूर्ण वाळू द्यायचा. जरीवर बुरुश नाही, मऊ फडके.

अम्मीने विचारले, ‘‘केस कशाचे आहेत?’’

‘‘घोड्याचे,’’ चाचा हसले. बाजारातले पुष्कळ ब्रश डुकराच्या केसांचे असतात, तेव्हा दुकानदाराला विचारूनच घ्या, म्हणाले. जाळून पाहण्याने नायलॉन तेवढे कळते, ते वितळते. केस कुठल्याही जनावराचा असो, वास तोच. आम्ही एकमेकांकडे पाहिले. घरी नमाजच्या कपड्यांवर वर्षानुवर्षे फिरणारा ब्रश कशाचा, हे कुणी कधी विचारलेच नव्हते.

कॉलर उभी राहील, छातीचे फुगवटे मात्र पूर्ण जाणार नाहीत, असे चाचांनी सरळ सांगितले. मजुरीचे विचारले तर उत्तर नाही. निकाहची तारीख मात्र त्यांनी दोनदा विचारून खडूने फळीवर लिहून ठेवली.