आमचा रक्तदाब व पर्वतीच्या पायऱ्या

शिक्षकानें सेवानिवृत्त झाल्यावर काय करावें, याविषयीं आमच्या घरांत प्रत्येकाचें निरनिराळें मत होतें. चिरंजीवांचें म्हणणें, आम्हीं आराम करावा. सूनबाईंचें म्हणणें, रोज फिरावयास जावें. आणि आमच्या कुटुंबाचें म्हणणें एवढेंच कीं, कांहींहि करावें, पण स्वयंपाकघरांत येऊन डबे उघडून पाहूं नयेत. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेलें. पुढें पाठशाळेंत व्याकरण व काव्य पढून तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलीं. शरीरावरचीं सुभाषितें वर्गांत शेंकडों वेळां सांगितलीं असतील. परंतु त्या शरीराचा जमाखर्च आपण कधीं वहींत मांडूं, असें आमच्या स्वप्नींहि नव्हतें.

२०२४ सालच्या श्रावणांत डोळ्यांच्या तपासणीसाठीं म्हणून गेलों असतां आमचा रक्तदाब १५२ व ९४ भरला. पुढें आणखी दोन वेळां मोजला, तेव्हांहि आंकडे तेच. डॉक्टरांनीं रोज एक गोळी लिहून दिली आणि मीठ बेतानें खावें व नियमानें चालावें, असें सांगितलें. तीस वर्षांत आजारपणाची रजा आम्हीं क्वचितच घेतली असेल. त्या आम्हांला गोळी, आणि तीहि रोज, हा आम्हीं आमचा अपमानच समजलों. गोळी घेऊं लागलों खरे, परंतु मनांत ठरविलें कीं, व्यायाम करून तिला घराबाहेर काढावयाची. सदाशिव पेठेंतल्या माणसाला व्यायामासाठीं दूर जावें लागत नाहीं. पेशव्यांची पर्वती आणि तिच्या १०३ पायऱ्या समोर उभ्याच आहेत.

रक्तदाब मोजण्याचें एक यंत्र घेतलें. तें पिशवींत घालून पहिल्याच दिवशीं पहाटे आम्ही पर्वती चढलों, वर पोंचतांच बसून दंडाला पट्टा गुंडाळला आणि आंकडा पाहतों तों १८८! खालचा आंकडा ८४. घरीं गोळीसह १३४ असलेला रक्तदाब चार मिनिटांत १८८ झाला, म्हणजे आपली कांहीं धडगत नाहीं, असें वाटून आम्ही कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपीत खालीं उतरलों व रिक्षानें घरीं आलों. पुढें तीन आठवडे पर्वतीचें नांव काढलें नाहीं. कोणी विचारलें तर गुडघ्याचें निमित्त सांगितलें.

आमच्या सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहेत. गुडघ्याचें निमित्त त्यांच्यापुढें किती दिवस टिकणार? त्यांनीं गुडघा वांकवून पाहिला आणि म्हणाल्या, "बाबा, गुडघा उत्तम आहे. खरें काय तें सांगा." तेव्हां आम्हीं १८८ चा आंकडा सांगितला. त्या हंसल्या. म्हणाल्या, "चढतांना वरचा आंकडा वाढला नसता, तर मला काळजी वाटली असती."

मग त्यांनीं जें समजाविलें तें आम्हांला फार पटलें, म्हणून येथें देतों. माणूस स्वस्थ बसला असतां हृदय दर मिनिटास सुमारें पांच लिटर रक्त फेंकतें. तो चढूं लागला कीं मांड्या-पोटऱ्यांना अधिक रक्त लागतें. हृदय अधिक वेळां व अधिक जोरानें आकुंचन पावतें, आणि वरचा आंकडा श्रमाच्या प्रमाणांत चढत जातो. त्याच वेळीं काम करणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खालचा आंकडा होता तेथेंच राहतो किंवा थोडा उतरतो. आमच्या खेपेस नेमकें हेंच झालें होतें. श्रम थांबले कीं वरचा आंकडा कांहीं मिनिटांत खालीं येतो, आणि पुढें कांहीं तास तर पूर्वीपेक्षांहि थोडा कमी राहतो. मात्र धांवून किंवा चढून आल्यावर एकदम निश्चल उभें राहूं नये. रक्त पायांत सांठतें व भोंवळ येते. जड वजन उचलतांना श्वास कोंडला तर दोन्ही आंकडे चढतात, तो प्रकार वेगळा.

"म्हणजे वाढ ही चांगली?" आम्हीं विचारलें.

"वाढ ही चांगलीहि नाहीं आणि वाईटहि नाहीं, बाबा. तेंच काम, तितक्याच वेळांत करून, दोन महिन्यांनीं ती वाढ कमी झाली आणि लवकर उतरली, तर तुम्ही तयार होत आहांत असें समजायचें."

ही कल्पना नवी नाहीं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें साधन इटलींतल्या रिव्हा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं केलें, आणि पट्ट्याखालीं स्टेथोस्कोप ठेवून ठोक्यांचे आवाज ऐकण्याची युक्ति रशियांतील कोरोत्कोव्ह यांनीं १९०५ सालीं सांगितली. पुढें १९२९ सालीं अमेरिकेंतल्या मास्टर व ओपनहायमर या वैद्यांनीं नऊ नऊ इंचांच्या दोन पायऱ्यांवरून माणसाला चढउतार करावयास लावून, त्याची नाडी व रक्तदाब पूर्वपदावर केव्हां येतात यावरून त्याचा दम जोखण्याची रीत घालून दिली. त्यांच्या दोन पायऱ्या, आमच्या १०३. आम्हांला हें ऐकून उगीचच अभिमान वाटला.

झालें. आम्हीं एक दोनशें पानी वही आणली, शिसपेन्सिलीनें रकाने आंखले आणि कार्तिकापासून पुन्हां पर्वती धरली. पहिल्या आठवड्यांत वरचा आंकडा १८४, १८६ असा, मार्गशीर्षांत १७५, आणि संक्रांतीच्या सुमारास १६० वर आला. चाचणी परीक्षेंत गटांगळ्या खाल्लेला विद्यार्थी वार्षिकांत पहिला यावा, तसा आनंद आम्हांला झाला. पहाटेच्या मंडळींत आमच्या वहीची कीर्ति पसरली. एका स्नेह्यांनीं तर तिचीं पानें मोबाईलवर टिपून घेतलीं. आणि याच भरांत, तिळगुळाच्या दुसऱ्या दिवसापासून, आम्हीं गोळी बंद केली. घरांत कोणाला सांगितलें नाहीं. रोज सकाळीं पाकिटांतून एक काढावयाची आणि तुळशीच्या कुंडींत पुरावयाची. हें लिहितांना आज लाज वाटते, पण लिहावयास बसलों तें हेंच सांगावयास.

होळीच्या सुट्टींत आमची नात आमच्यासंगें पर्वतीवर आली. ती नववींत आहे, आणि हातांतल्या घड्याळाशीं खेळण्याची तिला संवय आहे. वर आल्यावर आम्हीं एका स्नेह्यांशीं दोन शब्द बोललों, पाणी प्यालों, चष्मा पुसला, पट्टा बांधला. १६४ आला. जरा थांबून पुन्हां मोजलें; १५९ आला. तो वहींत लिहिला.

"आजोबा, हें चीटिंग आहे," ती म्हणाली.

आम्हीं विचारलें, "कसें काय?"

तिनें घड्याळ दाखविलें. आम्हांला चढावयास सात मिनिटें लागलीं होतीं. मध्यें तीन वेळां, देखावा पाहण्याच्या निमित्तानें, आम्हीं थांबलों होतों. शेवटच्या पायरीपासून यंत्राचें बटन दाबेपर्यंत साडेतीन मिनिटें गेलीं होतीं. आणि दोन आंकड्यांपैकीं लहान तो आम्हीं निवडला होता. पहिल्या दिवशीं आम्हीं न थांबतां चढून तत्काळ मोजलें होतें. म्हणजे आमचें हृदय सुधारलें होतें कीं नाहीं हें त्या वहीवरून कोणालाच सांगतां आलें नसतें. आमचें थांबणें व बोलणें मात्र उत्तरोत्तर वाढत गेलें होतें, याची ती वही बिनतोड साक्ष होती. परीक्षेच्या वर्गांत आम्हीं तीस वर्षें बांकांमधून फेऱ्या घातल्या. नक्कल करणाराचा हात आम्हांला मागून ओळखूं येई. स्वतःचा हात ओळखावयाला नववींतली मुलगी लागली.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. सकाळीं सूनबाईंना गोळीविषयीं सांगितलें. त्या रागावल्या नाहींत. रागावल्या असत्या तर बरें वाटलें असतें. त्यांनीं फक्त चिरंजीवांना कचेरींतून रजा घ्यावयास सांगितली आणि दोन दिवसांनीं आम्ही तिघें तपासणीला गेलों. तेथें सरकत्या पट्ट्यावर चालवितात. ही रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांची रीत असून १९६३ पासून चालत आली आहे. दर तीन मिनिटांनीं पट्ट्याचा वेग व चढ वाढत जातो. छातीला तारा लाविलेल्या, आणि एक बाई हातानें फुगा दाबून, कानांत नळ्या घालून, दर टप्प्याला रक्तदाब घेत होत्या. चालत्या माणसाचा रक्तदाब घरच्या यंत्रानें नीट मिळत नाहीं, हात हलला कीं तें गोंधळतें, हें तेव्हां कळलें. तिसऱ्या टप्प्याच्या आरंभीं वरचा आंकडा २१६ झाला. हृदयाच्या आलेखांत दोष नव्हता. परंतु श्रम करतांना पुरुषांत २१० च्या आणि स्त्रियांत १९० च्या वर जाणें हें प्रमाणाबाहेर समजतात, असें डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांनीं साधेंच विचारलें, "गोळी नियमित चालू आहे ना?" चिरंजीव आमच्याकडे पाहात होते. त्यांना अजून कांहीं ठाऊक नव्हतें. आम्हीं "नाहीं" म्हणालों. साठी उलटलेल्या बापाला मुलादेखत एवढी दोन अक्षरें उच्चारावयास किती जड जातात, तें ज्याचें त्यालाच ठाऊक.

गोळी पुन्हां सुरू झाली. चैत्रापासून वहीहि नवी केली, आणि या खेपेस नियम नातीनें घातले. चढण्यास सव्वाचार मिनिटें, कमी नाहीं कीं अधिक नाहीं. थांबल्यावर लगेच बसावयाचें, हात हृदयाच्या पातळींत ठेवावयाचा, कारण तो खालीं लोंबता राहिला तर दर दहा सेंटिमीटरला सात-आठ अंशांनीं आंकडा फुगतो. पट्टा चढण्यापूर्वींच दंडावर बांधून ठेवावयाचा. थांबल्यापासून बरोबर एका मिनिटानें बटन दाबावयाचें, मग पांच मिनिटांनीं पुन्हां, बोलावयाचें नाहीं. येईल तो आंकडा पेननें लिहावयाचा. घरीं बसून मोजावयाचा तो वेगळा. त्याच्यापूर्वीं पांच मिनिटें पाठ टेंकून स्वस्थ बसावयाचें आणि अर्धा तास आधीं चहा नाहीं.

चालीसाठीं आम्हीं आमचीच युक्ति काढली. मनांत अनुष्टुभ् म्हणावयाचें, एका पायरीस एक चरण. पंचवीस श्लोक पुरे होऊन सव्विसाव्याचे तीन चरण झाले कीं देवस्थान येतें. पण नातीनें लक्षांत आणून दिलें कीं, आम्ही दमलों म्हणजे आमचें अनुष्टुभ्‌हि लांबतें. म्हणून घड्याळ ठेवलेंच आहे. तरी श्लोकाचा एक उपयोग होतो. तो मोठ्यानें म्हणतां आला पाहिजे. शब्द तुटूं लागले तर श्रम ऐपतीबाहेर गेला असें समजावें. वाग्भटानें व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा असें सांगून ठेविलें आहे, त्याचा अर्थ आम्ही वर्गांत फक्त समास सोडवून सांगत असूं.

ज्यांना हा उद्योग करावासा वाटेल त्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें. बसल्या जागीं १८० किंवा ११० च्या वर असेल त्यानें पायरी चढूं नये. छातींत दुखलें, भोंवळ आली, किंवा श्रम वाढत असतांना वरचा आंकडा उलट घसरला, तर तें उत्तीर्ण होण्याचें लक्षण नसून तत्काळ थांबण्याचें आहे.

चैत्रांत पहिल्या मिनिटाचा आंकडा १८२ होता आणि नाडी १२८. पांचव्या मिनिटाला १५०. २०२५ च्या दिवाळींत हेच आंकडे १६८, ११६ व १३६ असे आले. गोळी मधल्या काळांत तीच व तितकीच होती, तेव्हां हा फरक तिच्या पदरीं घालतां येत नाहीं. शिवाय थंडींत रक्तदाब उन्हाळ्यापेक्षां थोडा वरच राहतो, म्हणून चैत्रापेक्षां कार्तिकांतला उतार आम्हांला अधिक भरंवशाचा वाटतो. गोळी अजून घरांतच आहे. पुढल्या तपासणींत तिची मात्रा पाहूं, एवढेंच डॉक्टर म्हणाले आहेत, आणि आम्हींहि त्यांना फारसें टोकलें नाहीं.

गेल्या पंधरवड्यांत आमच्या कुटुंबानें वहींत आपलाहि एक रकाना आंखावयास सांगितला. "अहो, घरांतल्या जिन्यावर दिवसांतून तीस वेळां चढउतार करतें मी, माझी कोणी वही ठेवली?" असें तिचें म्हणणें. डॉक्टरांना विचारून परवां तिला नेलें. ती सव्वाचार मिनिटांत, मध्यें कोठेंहि न थांबतां, शेजारणीच्या सुनेविषयीं बोलत बोलत चढली. एका मिनिटानें आंकडा आला १४८. आम्हांला वाटलें यंत्र बिघडलें. पुन्हां मोजावें म्हणून हात पुढें केला, तों नातीनें आमच्या हातीं पेन दिलें.