एका दिवसाची मायबोली

स्कॉटलंडमधील शाळांतून दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस एक लहानसा सोहळा होतो. २५ जानेवारी हा रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या लाडक्या कवीचा जन्मदिवस. त्या सुमारास मुले त्याच्या कविता तोंडपाठ म्हणून दाखवितात, परीक्षक बसतात, ज्याचे पठण उत्तम त्याला प्रशस्तिपत्र मिळते. या सोहळ्याविषयी तिकडची वयस्क माणसे एक आठवण हटकून सांगतात. ज्या शब्दांसाठी जानेवारीत शाबासकी मिळाली, तेच शब्द फेब्रुवारीत वर्गात सहज तोंडून निघाले, तर तळहातावर चामड्याचा पट्टा बसे. या पट्ट्याला तिकडे 'टॉज' म्हणत. सरकारी शाळांतून त्याची हकालपट्टी होण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

हे मी प्रथम वाचले, तेव्हा परक्या मुलखाची गोष्ट वाचतो आहोत असे मला वाटले नाही. आपल्या बोलीला वर्षातून एक दिवस पाटावर बसवावयाचे आणि उरलेले दिवस तिला माजघरातून बाहेर येऊ द्यावयाचे नाही, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. पण तो विचार पुढे. प्रथम त्या लोकांनी या विपरीत परिस्थितीतून आपली गाणी आणि गोष्टी मुलांपर्यंत पोहोचविल्या कशा, हे पाहण्यासारखे आहे.

स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन जुन्या भाषा आहेत. डोंगराळ मुलखाची आणि पश्चिमेकडील बेटांची गेलिक, आणि सखल प्रदेशाची स्कॉट्स. गेलिकचे कुळच वेगळे असल्यामुळे ती स्वतंत्र भाषा आहे याविषयी कोणी शंका घेत नाही. स्कॉट्स ही मात्र इंग्रजीची सख्खी बहीण, आणि तिचे दुर्दैव तेच. जवळच्या नात्यामुळे तिला लोक बहीण न म्हणता बिघडलेली इंग्रजी म्हणू लागले. मुलाला 'बेअर्न' म्हणणारी आई अडाणी ठरली आणि 'चाइल्ड' म्हणणारा मास्तर सुशिक्षित. एके काळी राजदरबारात मिरविलेली भाषा पुढे स्वयंपाकघरात, शेतावर आणि रस्त्यावर उरली. २०११ च्या शिरगणतीत तिच्याविषयी प्रथमच प्रश्न विचारण्यात आला, तेव्हा १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला ती बोलता येते असे लिहून दिले. इतकी माणसे ती बोलत होती, आणि तोवर सरकारी कागदावर तिची मोजदादच नव्हती!

स्वयंपाकघरात उरलेल्या भाषेपाशी गाणी मात्र भरपूर असतात. लंबी कथागीते, ज्यांना तिकडे 'मकल सँग्ज' म्हणजे थोर गाणी म्हणतात, ती विद्वानांनी फार पूर्वीपासून टिपून ठेवली होती. सर वॉल्टर स्कॉटने सीमेवरील प्रदेशाची कथागीते १८०२ पासून छापण्यास आरंभ केला. ज्या वृद्ध स्त्रियांकडून त्याला ती मिळाली, त्यांत जेम्स हॉग या मेंढपाळ कवीची आई मार्गारेट लेडलॉ होती. तिने स्कॉटला तोंडावर सुनावले, की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. छापून तुम्ही त्यांची जादू मोडलीत, आता ती कोणी गाणार नाही. या बाईचे भाकीत पूर्णपणे खरे ठरले नाही, हे पुढच्या पिढ्यांचे सुदैव. पण तिने बोट ठेवले ते ठिकाण अचूक होते. गाणे कागदावर सुरक्षित राहते, परंतु सुरक्षित असणे आणि जिवंत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ही गाणी जिवंत राहिली ती ज्यांच्याकडे कोणी आदराने पाहत नव्हते, अशा लोकांपाशी. स्कॉटलंडमध्ये 'ट्रॅव्हलर' नावाचा एक भटका समाज आहे. कल्हई करावी, घोड्यांचा व्यापार करावा, हंगामात शेतमजुरी करावी आणि तंबू टाकून राहावे, असे त्यांचे पूर्वापार जीवन. गावकरी त्यांना 'टिंकर' म्हणून हिणवीत. त्यांच्या मुलांना शाळेत बाकावर शेजारी कोणी बसू देत नसे. परंतु रात्री तंबूपुढे आगटी पेटली की आजी गोष्ट सांगे आणि आई गाणे म्हणे. छापील पुस्तक घरात नाही, रेडिओ नाही, आणि उद्याचा मुक्काम कोठे याची खात्री नाही. अशा घरात स्मरण हीच एकमेव संपत्ती असते, आणि ती मुलांच्या नावावर केल्यावाचून दुसरे मृत्युपत्र नसते.

१९५१ साली एडिंबरो विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' ही संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी ध्वनिमुद्रण करीत हिंडणाऱ्यांपैकी हेमिश हेंडरसन हा स्वतः कवी आणि दुसऱ्या महायुद्धात लढलेला सैनिक. १९५३ साली तो ॲबर्डीन शहरात जीनी रॉबर्टसन या स्त्रीच्या दारी जाऊन उभा राहिला. ती ट्रॅव्हलर कुळातील, दिवसभराच्या कामाने थकलेली. पाहुण्याला वाटेला लावण्याच्या विचारात होती. हेंडरसनने दारातच एक जुने युद्धगीत म्हणावयास सुरुवात केली. ते ऐकून बाईंना राहवेना. असे नाही ते, म्हणून त्यांनी त्याला आत घेतले आणि खरे कसे आहे ते गाऊन दाखविले. शास्त्रोक्त संशोधनाचा इतका सुंदर आरंभ माझ्या वाचनात दुसरा नाही. चुकीचे गाणे ऐकून ज्याला स्वस्थ बसवत नाही, तोच त्या गाण्याचा खरा वारस. जीनी रॉबर्टसन यांना १९६८ साली ब्रिटिश सरकारने 'एम. बी. ई.' हा किताब दिला. १९८१ साली ब्लेअरगौरीच्या बेल स्टुअर्ट या गायिकेला 'बी. ई. एम.' हे पदक मिळाले.

ब्लेअरगौरी हे पर्थशायरमधील गाव हेंडरसनचे जन्मगाव. तेथे रासबेरीचे मोठमोठे मळे आहेत. उन्हाळ्यात फळे तोडण्यासाठी ट्रॅव्हलर लोक कुटुंबकबिल्यासह तेथे उतरत. दिवसा मोठ्यांबरोबर मुलेही फळे तोडीत आणि रात्री आगट्यांभोवती गाणी रंगत. १९५० नंतरच्या दशकात हेंडरसन आपले यंत्र घेऊन या मळ्यांत बसला. तेथे गाणी गोळा करणे म्हणजे नायगाराखाली पत्र्याचा डबा धरणे होय, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. जे संपले असे विद्वान समजत होते, ते धबधब्यासारखे कोसळत होते. त्याखाली जाऊन उभे राहणारे कोणी नव्हते, एवढेच!

आता शहरातील मुलांकडे वळू. त्याच १९५१ साली एडिंबरोच्या नॉर्टन पार्क शाळेतील काही शिक्षकांनी 'द सिंगिंग स्ट्रीट' नावाचा एक छोटा चित्रपट तयार केला. त्यात कथानक नाही. रस्त्यात, जिन्यात, अंगणात मुली दोरीवरच्या उड्या मारीत आहेत, चेंडू भिंतीवर टोलवीत आहेत, फेर धरीत आहेत, आणि प्रत्येक खेळाबरोबर गाणे आहे. ही गाणी त्यांना कोणी शिकविली नव्हती. थोरल्या मुलीकडून धाकटीकडे ती जात होती आणि वाटेत बदलत होती. जेम्स रिची या शिक्षकाने पुढे १९६४ साली याच नावाचे पुस्तकही प्रसिद्ध केले. मला या शिक्षकांचे कौतुक वाटते ते अशासाठी, की मुलांना गाणी शिकविण्यापूर्वी त्यांनी मुलांची गाणी ऐकून घेतली. शाळेच्या भिंतीबाहेर चाललेले शिक्षण त्यांच्या कानी पडले आणि त्याचा त्यांनी मान राखला.

दुसरे उदाहरण नॉर्मन बुकन यांचे. ग्लासगोजवळच्या रदरग्लेन अकॅडमी या शाळेत ते शिक्षक होते. पुढे ते पार्लमेंटात निवडून गेले, ती गोष्ट वेगळी. शाळेत त्यांनी कथागीतांचे एक मंडळ काढले आणि १९६२ साली १०१ गाण्यांचा एक स्वस्त, खिशात मावणारा संग्रह प्रसिद्ध केला. ईशान्य भागातील गाण्यांचा गाढा संग्रह गॅव्हिन ग्रेग आणि जेम्स डंकन या दोघांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जमविला होता. त्यात ३,००० हून अधिक गाणी आहेत, आणि त्याचे आठ खंड छापून पूर्ण होण्यास २००२ साल लागले. विद्वत्तेसाठी आठ खंड हवेतच. पण मुलाच्या दप्तरात मावते ती १०१ गाण्यांची पुस्तिका. दोहोंची गरज वेगवेगळी आहे, हे ओळखणारा माणूस समाजाला क्वचित लाभतो.

गाण्याचा प्रवास कसा विचित्र असतो पाहा. स्कॉटलंडमध्ये आज घरोघरी मुलांना मांडीवर झुलविताना एक गाणे म्हणतात. ते रचले रॉबर्ट कोल्टार्ट या गॅलाशील्सच्या विणकराने, आणि ते अंगाईसाठी नव्हतेच. आपली मिठाई विकण्यासाठी तो गावोगाव ते म्हणत हिंडे. मिठाई गेली, विणकर गेला, जाहिरात मात्र अंगाई होऊन राहिली. आयांनी ते आपलेसे केले म्हणून ते टिकले. मुलांना द्यावयाचे ते पवित्र आणि शुद्धच असले पाहिजे, या आपल्या समजुतीला हे गाणे गोड उत्तर आहे.

गोष्ट सांगणाऱ्यांत डंकन विल्यमसन यांचे नाव मोठे. लॉख फाइन या खाडीच्या काठी १९२८ साली तंबूत त्यांचा जन्म झाला आणि २००७ साली ते वारले. ज्या शाळांतून त्यांच्या समाजाची मुले लहानपणी अपमानित होऊन परतली, तशाच शाळांतून उतारवयात त्यांनी मुलांना गोष्टी सांगितल्या. त्यांची एक गोष्ट मला विसरता येत नाही. जॅक नावाच्या मुलाची आई आजारी पडते. तिला न्यावयास निघालेला मृत्यू त्याला वाटेत भेटतो. जॅक त्याला बडवून बडवून लहान करतो, एका फळाच्या कवचीत कोंबतो आणि समुद्रात फेकून देतो. आई खडखडीत बरी होते. पण घरी अंडे फोडू गेले तर फुटत नाही, कोंबडी कापू गेले तर मरत नाही, खाटकाचे दुकान बंद पडते. मरण थांबले आणि त्याबरोबर जगणेही थांबले. अखेर जॅकला ती कवची शोधून मृत्यूला मोकळे करावे लागते.

मुलांना ही गोष्ट गमतीची वाटते. मोठ्यांना ती झोपू देत नाही. माझ्या मनात ती राहून राहून ध्वनिमुद्रणांशी जोडली जाते. एडिंबरोची ती जुनी मुद्रणे आणि इतर काही संग्रह मिळून २०१० साली 'टोबर अन डुआल्चस' या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले झाले. त्याचे स्कॉट्स नाव आहे 'किस्ट ओ रिचेस', म्हणजे धनाची पेटी. हजारो मैलांवरच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून मी त्यातील आवाज ऐकले आहेत. शब्द निम्मेही कळत नाहीत, तरी म्हाताऱ्या गळ्यातला कंप कळतो. पण पेटी ही शेवटी कवचीच. तिच्यात बंद केलेले गाणे मरत नाही हे खरे. ते कोणी मोकळे करून मुलाच्या गळ्यात घातले नाही, तर ते जगतही नाही. आपल्याकडेही गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या परिश्रमांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जतन झाल्या. जाते गेले; ओवी पेटीत आहे. ती कोणाच्या ओठी येणार, हा प्रश्न शिल्लक आहे.

स्कॉटलंडमध्ये आता वारा फिरला आहे. २००२ पासून 'इची कू' या नावाने मुलांसाठी स्कॉट्समधील पुस्तके निघू लागली. एडिंबरोत २००६ साली गोष्टी सांगण्यासाठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली. २०२५ साली तेथील संसदेने कायदा करून गेलिक आणि स्कॉट्स यांना अधिकृत दर्जा दिला. त्याच वर्षी जून महिन्यात ट्रॅव्हलर समाजावर झालेल्या अन्यायाबद्दल तेथील सरकारने जाहीर क्षमा मागितली. उशीर झाला खरा, पण गाणी टिकविणाऱ्यांचे ऋण मान्य झाले. तथापि कायद्याने भाषेला खुर्ची मिळते, आवाज मिळत नाही. आवाज आगटीपाशीच मिळतो.

आपणा बदलीच्या लोकांची स्थिती आठवते ती येथे. आपणही एका परीने ट्रॅव्हलरच. तीन वर्षे या गावी, चार वर्षे त्या गावी. सामानाच्या खोक्यांवर जुन्या पत्त्यांचे थर. मंडळाच्या गणेशोत्सवात आपली मुले ठसक्यात मराठी कविता म्हणतात, टाळ्या पडतात, बक्षीस मिळते, आणि मंडपाबाहेर पडताच ती आपसांत हिंदी बोलू लागतात. त्यांना पट्टा मारणारे येथे कोणी नाही. पट्ट्याविनाच हे घडते.

गोष्ट भाषांतर सोसते. जॅकची गोष्ट मी माझ्या मुलीला मराठीत सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने ती शेजारच्या तमिळ आणि बंगाली मुलांना हिंदीत सांगितली, आणि तिचे काही बिघडले नाही. गाणे मात्र भाषांतर सोसत नाही. भोंडल्याचे गाणे हिंदीत केले तर उरतो तो नुसता फेर. म्हणून भाषा मागे हटू लागली की सर्वांत शेवटी गाणेच गड लढवीत राहते, आणि तेही बहुधा मुलांच्या पलटणीच्या जोरावर.

गेल्या नवरात्रात आमच्या वसाहतीच्या गच्चीवर पाटावर हत्ती काढून मुली फेर धरीत होत्या. मराठी घरे चार, मुली अकरा. म्हणजे बहुतेक अमराठीच. शब्द कोणालाच धड येत नव्हते. एका ओळीत माझ्या मुलीने भलताच शब्द घातला, तेव्हा कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या शेजारच्या आजी एकदम उठल्या, 'अगं, असं नाही ते!' म्हणत फेरात शिरल्या आणि खणखणीत आवाजात पुढचे कडवे म्हणू लागल्या. मुली क्षणभर थबकल्या, आणि मग त्यांच्यामागून म्हणू लागल्या.