‘लहान’ या शब्दाची व्याख्या

कायद्याचे पुस्तक आणि मराठीचा प्राध्यापक यांचा संबंध सहसा येत नाही. माझा तो आला दादाच्या छापखान्यामुळे, आणि तोही एका विशेषणाच्या वाटेने. ते विशेषण म्हणजे ‘लहान’.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ‘लहान कंपनी’ हा वेगळा वर्ग निर्माण केला. ५० लाखांचे भरणा भांडवल आणि २ कोटींची वार्षिक उलाढाल ही त्याची आरंभीची मर्यादा. २०२१ मध्ये ती २ कोटी व २० कोटी झाली. २०२२ मध्ये ४ कोटी व ४० कोटी. या वर्गाला संचालकांच्या बैठका कमी, वार्षिक विवरण संक्षिप्त, दंड सौम्य. हेतू स्वागतार्हच आहे. परंतु अर्थविस्तारात शब्दाचे काय होते, हे आपण वर्गात शिकवतोच. तेल मुळात तिळाचे; पुढे ते शेंगदाण्याचे झाले, खोबऱ्याचे झाले, आणि तीळ विस्मरणात गेला. ‘लहान’चेही तसेच झाले असावे, असे मला वाटते.

दादाची कंपनी त्या विस्मृत तिळाएवढी. तालुक्याच्या गावी छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, क्वचित एखाद्या स्थानिक कवीचा संग्रह. शिक्षणसंस्थांची मोठी कामे मिळावीत म्हणून २००४ साली त्याने ‘प्रायव्हेट लिमिटेड’ नोंदवली. तेव्हा किमान १ लाखाचे भांडवल आणि किमान दोन भागधारक अनिवार्य होते. दुसऱ्या अर्थातच वहिनी. त्या संचालक झाल्या त्या सहीपुरत्या. पुढे २०१३ च्या कायद्याने एकाच व्यक्तीच्या कंपनीला मान्यता दिली आणि २०१५ च्या दुरुस्तीने किमान भांडवलाची अटही गेली. प्रवेशद्वार असे रुंद झाले. बाहेरचे दार मात्र अरुंदच राहिले.

२०१७ च्या अखेरीस छापखाना बंद पडला. कंपनी मात्र चालूच राहिली. कायद्याच्या लेखी कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते, व्यवसाय संपला म्हणून ती आपोआप मरत नाही. धंदाच नाही तर विवरण कसले, असा दादाचा साधा समज. त्यातच १ जुलै २०१८ पासून ताळेबंद व वार्षिक विवरण यांना विलंब झाल्यास प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये आकारले जाऊ लागले. याला वरची मर्यादा नाही आणि कंपनीच्या आकाराप्रमाणे भेदही नाही. दोन अर्जांचे दिवसाला २०० रुपये; म्हणजे ५०० दिवसांत १ लाख, दादाच्या कंपनीचे सगळे भांडवल! ४ कोटींच्या ‘लहान’ कंपनीला हीच रक्कम चहापाण्याच्या खर्चात जिरवता येईल.

सलग तीन वर्षे विवरण न भरल्यास संचालक पाच वर्षे अपात्र ठरतो. पूर्वी ही तरतूद सार्वजनिक कंपन्यांपुरती होती. २०१३ च्या कायद्याने ती खाजगी कंपन्यांनाही लागू केली. बनावट कंपन्यांविरुद्धच्या मोहिमेत २०१७ साली दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे नोंदवहीतून गेली, तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले. बनावट कंपन्यांचा बंदोबस्त हवाच होता. परंतु नोंदवहीच्या दृष्टीला लबाड आणि थकलेला यांतला फरक दिसत नाही.

दादाची दोन वर्षे चुकली होती. तिसरे चुकले तर काय होईल, हे मी समजावून सांगितले तेव्हा वहिनींनी विचारले, “भाऊजी, मी नक्की कशाची संचालक होते हो?” मला उत्तर सुचले नाही.

२०२० साली सरकारने एका योजनेद्वारे ते विलंबशुल्क माफ केले. दादाने थकलेली विवरणे भरली, नाव काढून घेण्याचा अर्ज केला आणि तो सुटला. पण एकवारची माफी म्हणजे सुधारणा नव्हे. विलंबशुल्क भांडवलाच्या प्रमाणात ठेवणे, ही सुधारणा झाली असती. ‘लहान’ची वरची सीमा कायद्याने वारंवार उंचावली, त्या सीमेच्या तळाशी कोण उभे आहे, हे व्याख्येत कोठेच आलेले नाही.