डावी मूठ, उजवी मूठ

मोटरसायकलचा जो भाग सगळ्यात जास्त वेळ आपल्या हातात असतो, तोच आपण सगळ्यात कमी पाहिलेला असतो. टाकीवरचा ओरखडा दिसतो, मडगार्डवरचा गंज दिसतो, सीटची उसवलेली शिवण तर रोज टोचते. हँडलच्या मुठी मात्र तळव्याखाली झाकलेल्या. माणूस गाडीवर असला की त्या दिसत नाहीत आणि उतरला की तो त्यांच्याकडे पाठ करून निघून जातो. यंदा पावसाळा सरता सरता माझ्या तळव्यांना काळं लागू लागलं. मग ते रुमालावर आलं, शर्टाच्या बाहीवर आलं, आणि लेकीच्या वहीच्या कव्हरवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला तेव्हा कळलं, रबर सुटायला लागलंय.

दसरा तोंडावर होता. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं पुसून पुजायची आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची, ही रीत नांगर-कुळव हातातून सुटलेल्या आमच्यासारख्यांनी शहरात गाड्यांच्या आधारानं टिकवली आहे. त्या दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादल्या आणि जुनी बनियनं घेऊन सगळे खाली उतरतात. मला गाडी धुण्याआधी मुठी बदलायच्या होत्या, त्याही स्वतःच्या हातानं. गॅरेजवाला हे काम चहा गार व्हायच्या आत करतो, पैसेही किरकोळ घेतो. तरी घरी करावं असं गाडीचं एकच काम निवडायचं झालं, तर मी हेच निवडेन. इंजिनाच्या पोटातलं सगळं आपल्याला उमगेलच असं नाही. मूठ मात्र आपल्या हाताच्या मापाची गोष्ट आहे, आणि तिथं आपल्याइतका जाणकार दुसरा कुणी नाही.

पुण्यात दुचाकीचे सुटे भाग म्हटलं की पाय नाना पेठेकडे वळतात. दुकानात छतापासून लोंबणाऱ्या आरशांच्या आणि केबलींच्या खालून दुकानदारानं मुठींचे जोड काढून मांडले. लाल-निळ्या पट्ट्यांच्या, जेलच्या, खोल खाचांच्या. "ही घ्या काका, सगळी पोरं हीच नेतात." मी साध्या काळ्या मागितल्या, गाडीबरोबर आलेल्या मुठींसारख्या. खोल खाचांची मूठ दुकानात बोटाला छान लागते, पण तास-दीड तास धरली की त्या खाचा तळव्यात उमटतात. कातडीला शेवटी बारीक, सारख्या रेघांचं रबरच मानवतं, असं माझं ठाम मत आहे.

पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी टाचलेला तो जोड जुळ्यांचा दिसतो, पण आतून दोघी वेगळ्या. डावी थेट हँडलच्या पोलादी नळीवर बसते. ही नळी साधारण २२ मिलिमीटर जाडीची, मिस्त्रींच्या हिशेबात सात सूत. सायकलच्या हँडलचीही मुठीकडची जाडी हीच. पहिल्या मोटरसायकली म्हणजे इंजिन जोडलेल्या सायकलीच होत्या, तो वारसा या मापात अजून शिल्लक आहे. उजवी मूठ मात्र नळीला शिवतही नाही. ती बसते नळीवर फिरणाऱ्या प्लास्टिकच्या बाहीवर, ज्याला गॅरेजमध्ये अ‍ॅक्सिलेटरचा पाइप म्हणतात. त्यामुळे तिचं भोक मोठं. उजवी डावीकडे घातली तर ती सैल पडून गरगर फिरेल, आणि डावी उजवीकडे चढणारच नाही.

जुनी डावी मूठ कारखान्यातल्या गोंदानं नळीला घट्ट धरून होती. तिला कटरनं उभी चीर दिली. खाली पोलाद आहे, पातं लागलं तरी बिघडत नाही. चीर फाकवली आणि रबर उलटं करून पाहिलं, तर आतली बाजू अगदी कोरी. साच्याच्या रेघा, उठावाची बारीक अक्षरं, सगळं जसंच्या तसं. बाहेरच्या अंगानं इतकी वर्षं माझा घाम, मुळशीच्या घाटातला पाऊस, एप्रिलचं ऊन सोसलं होतं, आणि अर्ध्या सेंटिमीटरच्याही आत, त्याच रबराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी बराच वेळ ते बोटांनी चाचपत बसलो.

उजवीला चीर देता येत नाही. पातं खालच्या प्लास्टिकला लागलं तर पाइपच बदलावा लागतो. तिच्या कडेखाली बोथट स्क्रूड्रायव्हर हळूच सरकवला, सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजनं आत साबणाचं पाणी सोडलं आणि पिळत पिळत ती अख्खी काढली. मग दोघींना जमिनीवर शेजारी ठेवलं. माझे दोन हात दिवसभर काय करतात हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. उजवीच्या रेघा अंगठ्याच्या बुडाशी पार पुसल्या होत्या, तेही तिरक्या पट्ट्यात, कारण रेस देताना मनगट वळतं आणि तळवा घासत जातो. करंगळीखालचा भाग जवळजवळ नवा होता. डावीची झीज सगळीकडून सारखी, पसरलेली. एक हात सतत काहीतरी मागत होता आणि दुसरा नुसता धरून होता.

ही वाटणी काही निसर्गानं ठरवलेली नाही. मोटरसायकलींच्या सुरुवातीच्या काळात रेससाठी हँडलवर किंवा टाकीपाशी छोटे दांडे असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत फिरत्या मुठी आल्या. तिथल्या 'इंडियन' कंपनीच्या मोटरसायकलींची रेस कितीतरी वर्षं डाव्या हाताला असायची. आपल्याकडे तर डाव्या मनगटाची एक वेगळीच पिढी होऊन गेली. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२पासून बाहेर पडलेली बजाज चेतक ज्यांनी चालवली, त्यांचा गिअर डाव्या मुठीत होता. क्लच दाबायचा आणि मूठ लिव्हरसकट फिरवायची. एक, न्यूट्रल, दोन, तीन, चार. पुढे ती गिअरची चेतक बंद झाली. पण चौकात सिग्नल सुटला की साठीच्या घरातल्या एखाद्या गृहस्थाचं डावं मनगट बिनगिअरच्या गाडीवरही किंचित वळताना मी पाहिलं आहे. हाताला शिकवलेलं हात सहसा विसरत नाही.

रबराची स्मरणशक्ती वेगळ्या प्रकारची. आजीच्या जात्याचा लाकडी खुंटा मला आठवतो. दोन-तीन पिढ्यांच्या बायांनी तो धरला, आणि दर पिढीगणिक तो अधिक गुळगुळीत, अधिक तेजदार होत गेला. लाकडाला हाताचं तेल मुरतं. नांगराचं रुमणंही तसंच, जुनं झालं की हाताला गोड लागतं. रबराच्या नशिबी ते नाही. हातामुळे त्याला झळाळी येत नाही, ते आपलं अंगच हाताला देत राहतं. रुमालावरचा तो काळा डाग म्हणजे माझ्या मुठीचाच अंश होता.

मुळात रबर ही झाडाच्या जखमेतून येणारी गोष्ट. केरळात पहाटे, ऊन चढायच्या आधी, खोडाच्या सालीवर तिरका छेद घेतात आणि खाली बांधलेल्या वाटीत दुधासारखा चीक थेंब थेंब साठतो. नुसत्या चिकाचं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक पडतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला, तेव्हा कुठे ते माणसाच्या कामी येऊ लागलं. रबराच्या लांबच लांब रेणूंमध्ये गंधक आडवे पूल बांधतं, म्हणून ते ताणलं तरी माघारी येतं. आपल्या रस्त्यांच्या कडेला टायरच्या दुकानांवर 'व्हल्कनायझिंग' अशी पाटी असते, ती याच क्रियेची. आणि मूठ काळी का? तर बळकटीसाठी आणि उन्हापासून राखण व्हावी म्हणून रबरात काजळी मिसळतात. आता बऱ्याच मुठींमध्ये झाडाच्या चिकाऐवजी कारखान्यात तयार झालेलं रबर असतं, पण ऊन, घाम आणि हवेतला ओझोन दोघांनाही सोडत नाही. रेणू तुटतात, मऊपणासाठी घातलेली तेलं वर येतात, अंग चिकट होतं किंवा तडकतं.

एवढं सोसून ते करतं काय? एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचं वरखाली होणं पूर्णपणे तोलता येत नाही. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८३ वेळा एक धक्का चौकटीतून हँडलमध्ये आणि हँडलमधून हातात येतो. पुष्कळ गाड्यांच्या हँडलच्या टोकांना धातूची वजनं बसवलेली असतात ती ही थरथर मंदावण्यासाठी, आणि उरलेली थरथर रबर पिऊन टाकतं. सगळी मात्र पीत नाही, आणि ते बरंच आहे. माणसाच्या एका तळहातात स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू पोचतात असा शरीरशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातले काही खास थरथरीसाठीच जागे असतात. इंजिन ओढ घेतंय की दमलंय, पुढच्या चाकातली हवा उतरली का, चेन सैल झाली का, डांबरावर वाळू आली का, हे कानांच्या आणि डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतं. गाडी माणसाशी बोलते ती या दोन वीतभर जागांतूनच. मूठ जाड असून चालत नाही आणि पातळ असूनही नाही. धक्का अडवावा, पण खबर येऊ द्यावी, एवढा तोल तिला साधावा लागतो.

हा तोल गेला की काय होतं, ते वैद्यकात शंभरहून अधिक वर्षं लिहून ठेवलेलं आहे. १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींवरच्या पाथरवटांचे हात तपासले. दाबाच्या हवेवर चालणारी हत्यारं दिवसभर धरणाऱ्या त्या माणसांची बोटं थंडीत पांढरीफटक पडत आणि बधिर होत. मोटरसायकलची थरथर त्या मानानं सौम्य. पण आपल्या शहरांत आता सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत गाडीवर असणारी हजारो पोरं आहेत, पाठीवर जेवणाच्या चौकोनी पेट्या घेतलेली. सिग्नलला शेजारी थांबली की मी त्यांच्या मुठी पाहतो. कुणी ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, कुणी स्पंज चढवून वर चिकटपट्टी मारलेली, कुणाची डावी मूठ अर्धी फाटून खालची नळी उघडी पडलेली. थांबल्या थांबल्या एखादा पोरगा उजवा हात झटकतो, बोटं उघडतो, मिटतो. मुंग्या आल्या असणार. तीन वेळा सर्व्हिसिंग होतं, ऑइल बदललं जातं, आणि मुठीचा जोड काही कुणी बदलून देत नाही. नवा जोड एका वेळच्या जेवणाच्या पैशात येतो. तो पोरांच्या हातांच्या वाट्याला वेळेवर यावा, असं मला मनापासून वाटतं.

चढवण्याचं काम काढण्यापेक्षा नाजूक. नळीवरचा जुना गोंद स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, गंजाचे ठिपके बारीक पॉलिश पेपरनं घासले आणि सगळं कोरडं होऊ दिलं. गॅरेजमधली पोरं मूठ सरकावी म्हणून आत पेट्रोलचं बोट फिरवतात. मला ते पटत नाही, पेट्रोलनं रबर फुगतं. मुठीचा गोंद ओला असताना निसरडाच असतो, तेवढं पुरतं. मात्र हात सरावलेला लागतो. कासार बांगडी भरताना ढकलत नाही, हात दाबून फिरवत फिरवत पुढे नेतो. मूठही तशीच न्यायची, न थांबता, एका दमात. मध्ये थांबलं की गोंद धरतो आणि मूठ अर्ध्यावर अडकते. उजवीकडे तर आणखी एक राखायचं असतं. मूठ आणि बटणांचा डबा यांच्यात मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट हवी. रबर डब्याला घासलं तर रेस सोडल्यावर माघारी येत नाही, आणि धावत्या गाडीवर हे जिवावरचं दुखणं आहे.

लेक तोवर झेंडूची माळ घेऊन खाली आली होती. ती मुठींभोवती गुंडाळायला निघाली, तेव्हा तिला थांबवलं.

"बाबा, पण तिथं छान दिसते."

"मधे बांध. दोरा रेसमध्ये अडकला तर?"

तिनं माळ हेडलाइटवर बांधली आणि विचारलं, "लगेच फिरवायची का गाडी?" गोंद वाळायला रात्र जाऊ द्यावी लागते. डावी मूठ कच्च्या गोंदावर सरकली तर ब्रेक दाबताना सगळं अंग एका बाजूला जातं.

सकाळी गाडी उभ्यानंच सुरू केली. हँडल डावीकडे शेवटपर्यंत नेलं, मग उजवीकडे. इंजिनाचा आवाज वाढला नाही, म्हणजे केबल कुठे ताणली जात नाही. रेस उघडून सोडली, टक् करून मिटली. मग आपट्याची पानं आणायला मंडईकडे निघालो. नव्या मुठी जुन्या झिजलेल्यांपेक्षा अंगानं भरल्या होत्या, त्यामुळे क्लचचा लिव्हर बोटांना जरा लांब पडत होता. कोपऱ्यावर गाडी थांबवली, लिव्हरचा नट सैल करून तो किंचित खाली घेतला, चारही बोटं त्यावर ठेवून पाहिली आणि नट पुन्हा आवळला.